क्लाउडवरून लॅपटॉप-फोन मॅनेज करायचेत? मग आधी क्रम नीट लावा

बऱ्याच ठिकाणी असंच होतं. डिव्हाइस मॅनेज करायच्या टूलचं लायसन्स घेतलं, त्याचं कन्सोल (ॲडमिनचं वेब पान) उघडलं, पासवर्डची आणि एन्क्रिप्शनची पॉलिसी बनवून सरळ 'ऑल यूजर्स'ला लावून टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून हेल्पडेस्कचा फोन खाली ठेवायला मिळेना. कोणाचं मेल बंद, कोणाचा लॅपटॉप रिकव्हरी की (एन्क्रिप्ट झालेली डिस्क उघडायचा कोड) मागतोय, साहेबांच्या स्वतःच्या फोनवर 'तुमची संस्था हे डिव्हाइस मॅनेज करते' असं आलंय आणि ते चिडलेत. मग सगळे म्हणतात टूलच बेकार. टूल बहुतेक वेळा ठीकच असतं, क्रम उलटा झालेला असतो. मायक्रोसॉफ्टचं इन्ट्यून घ्या, जॅम्फ घ्या, मॅनेजइंजिन घ्या, टूल कुठलंही असो, लोक अडकतात त्याच त्याच जागी, आणि त्यातल्या निम्म्या जागा कन्सोलच्या बाहेर असतात: यादी, खाती, फायरवॉल.

खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. मधला एखादा गाळून पुढे गेलात तर बहुतेक वेळा परत मागे यावं लागतं, आणि तेव्हा डिव्हाइस लोकांच्या हातात गेलेली असतात.

## १. यादी करा, आणि ती खरी आहे का ते बघा

एक साधी शीट पुरे. सिरीयल नंबर, मॉडेल, ओएसचं व्हर्जन, विंडोज असेल तर एडिशन, सध्या कोणाकडे आहे, पैसे कोणी भरले आणि कुठल्या विक्रेत्याकडून घेतलं. शेवटचे दोन कॉलम लोक सोडून देतात आणि पुढे नेमके तेच लागतात.

एडिशनचा कॉलम का? कारण विंडोज होम असलेली मशीन कंपनीच्या एन्ट्रा आयडीला (मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची खात्यांची यंत्रणा) जोडता येत नाही, त्यासाठी प्रो, एंटरप्राइज किंवा एज्युकेशन लागतं. घाईत दुकानातून आणलेले चार-पाच लॅपटॉप प्रत्येक ऑफिसात असतात आणि ते हमखास होम निघतात. अपग्रेडचा खर्च आत्ताच बजेटमध्ये टाका. तसंच विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे जी मशीन ११ घेऊ शकत नाहीत त्यांच्यावर मेहनत करायची की बदलायची हे इथेच ठरवून टाका.

असेंबल केलेल्या डेस्कटॉपची वेगळीच गंमत. सिरीयल नंबरच्या जागी 'टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.' एवढंच लिहिलेलं असतं, आणि तसली दहा मशीन असली की दहाही जणांचा सिरीयल नंबर तोच. ऑटोमॅटिक एनरोलमेंटच्या (मशीन कन्सोलला जोडून घेण्याच्या) भानगडीत ही पाडूच नका, हाताने एनरोल करा आणि मशीनला नाव नीट द्या.

तपासा: ही यादी अँटीव्हायरसच्या कन्सोलशी, खरेदीच्या बिलांशी आणि मेलच्या साइन-इन रेकॉर्डशी ताडून बघा. तिन्हीकडे आकडे जुळत नसतील, आणि पहिल्यांदा जुळत नाहीतच, तर फरक कुठला ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. मीटिंग रूमचा टॅब्लेट, गोडाऊनमधला स्कॅनर, सोडून गेलेल्या माणसाचा कपाटात पडलेला लॅपटॉप, हे सगळं त्या फरकात सापडतं.

## २. कंपनीचं काय आणि माणसाचं स्वतःचं काय

हा निर्णय टेक्निकल नाही, पण एनरोलमेंटचा प्रकार यावरच ठरतो आणि नंतर बदलणं महागात पडतं. अँड्रॉइडवर 'फुली मॅनेज्ड' करायचं तर फोन फॅक्टरी रिसेट करूनच सुरुवात करावी लागते, वेलकम स्क्रीनवर सहा वेळा टॅप केलं की क्यूआर स्कॅनर उघडतो, तिथून. वापरात असलेला फोन तसाच फुली मॅनेज्ड होत नाही. स्वतःच्या फोनसाठी वर्क प्रोफाइल असतं, त्यात कामाची ॲप वेगळ्या कप्प्यात राहतात आणि ॲडमिनला माणसाचे फोटो, मेसेज किंवा पर्सनल ॲप दिसत नाहीत. आयफोनवरही स्वतःच्या फोनसाठी यूजर एनरोलमेंट असा वेगळा, मर्यादित प्रकार आहे.

लोकांचा विरोध येतो तो इथेच. "आमचे व्हॉट्सॲप वाचणार का?" हा प्रश्न येणारच, त्यामुळे तो यायच्या आधीच एक पानाची नोट तयार ठेवा: ॲडमिनला काय दिसतं, काय दिसत नाही, फोन हरवला तर काय पुसलं जाईल, नोकरी सोडली तर काय पुसलं जाईल. गोल गोल लिहू नका. कंपनीच्या फोनचं लोकेशन बघता येत असेल तर 'येतं' असं स्पष्ट लिहा, नंतर कोणाला कळलं तर उरलेल्या नोटवरचा विश्वासही जातो.

सावध: विंडोजवर एखादा माणूस घरच्या कॉम्प्युटरवर ऑफिसचं मेल किंवा टीम्स उघडतो तेव्हा 'माझ्या संस्थेला हे डिव्हाइस मॅनेज करू द्या' अशी एक टिक आधीच लावलेली दिसते. तो नुसतं ओके करतो आणि त्याच्या मुलांचा कॉम्प्युटर तुमच्या कन्सोलमध्ये येऊन बसतो, पॉलिसीसकट. एनरोलमेंट रिस्ट्रिक्शनमध्ये पर्सनल विंडोज बंद करा, आणि हे पहिल्या दिवशी करा.

## ३. खाती कोणाच्या नावावर आहेत

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान याच टप्प्यात होतं, फरक इतकाच की ते वर्षभराने दिसतं.

आयफोन, आयपॅड, मॅक काहीही असेल तर ॲपलचं पुश सर्टिफिकेट लागतं, त्याच्याशिवाय कन्सोलच्या कमांड त्या डिव्हाइसपर्यंत पोचत नाहीत. ते एक वर्ष चालतं. ज्या ॲपल खात्यातून काढलं त्याच खात्यातून ते रिन्यू करायचं असतं. ज्याने सेटअप केला त्याने स्वतःच्या पर्सनल आयडीवरून काढलेलं असतं आणि तो वर्षात सोडून जातो. मग नवा माणूस काय करतो, तर दुसऱ्या आयडीवरून नवीन सर्टिफिकेट बनवून अपलोड करतो. झालं! रिन्यू करणं आणि नवीन बनवणं यातला फरक हाच, की नवीन बनवलं तर आधीच्या सगळ्या ॲपल डिव्हाइसशी संपर्क तुटतो आणि एकेक परत एनरोल करावं लागतं.

म्हणून:

- कंपनीच्या डोमेनवर एक फंक्शनल मेल खातं बनवा, कोणाच्या नावाचं नको. ॲपलचं सर्टिफिकेट, मॅनेज्ड गुगल प्लेची (अँड्रॉइडवर कामाची ॲप देणारं स्टोअर) जोडणी, विक्रेत्याचं पोर्टल, सगळं त्यावर.
- टू-फॅक्टरचा मोबाइल नंबर कंपनीच्या सिमचा ठेवा, आणि ते सिम कोणाकडे आहे हे लिहून ठेवा. पासवर्ड आहे पण ओटीपी सोडून गेलेल्या माणसाच्या फोनवर जातोय, हा प्रकार फार कॉमन आहे.
- ॲपल बिझनेस मॅनेजर (कंपनीची ॲपल डिव्हाइस जिथे नोंदवलेली असतात ते ॲपलचं पोर्टल) तुमच्या टूलला जोडणारं सर्व्हर टोकनही एक वर्षाचं असतं, ते वेगळं आणि सर्टिफिकेट वेगळं. दोन्हींच्या तारखा दोन वेगवेगळ्या माणसांच्या कॅलेंडरमध्ये टाका, महिनाभर आधीच्या रिमाइंडरसकट.
- ॲपल अधूनमधून अटी बदलतं. ॲडमिनने आत जाऊन त्या मान्य करेपर्यंत नवीन डिव्हाइसचं सिंक थांबतं. सिंक बंद दिसलं की कन्सोलमध्ये खटपट करत बसण्याआधी तिथे जाऊन बघा.

आता कन्सोलची स्वतःची सुरक्षा. एका क्लिकवर सगळी मशीन पुसता येतात अशी ही जागा आहे, आणि ही नुसती भीती नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मोबाइल गार्डियन या डिव्हाइस मॅनेजमेंट सेवेत घुसखोरी झाली तेव्हा सिंगापूरमधल्या सुमारे १३,००० विद्यार्थ्यांची डिव्हाइस लांबूनच पुसली गेली होती. तुमच्या हातात आहे ते एवढं करा: प्रत्येक ॲडमिनला मल्टिफॅक्टर, रोजच्या मेलचं खातं वेगळं आणि ॲडमिनचं वेगळं, हेल्पडेस्कच्या मुलांना वाइपचा (मशीन पुसण्याचा) अधिकार नको, आणि टूलमध्ये दुसऱ्या ॲडमिनच्या मंजुरीची सोय असेल तर ती वाइपसाठी चालू करा.

तपासा: 'उद्या सेटअप करणारा माणूस आला नाही तर या सगळ्यात कोण लॉगिन करू शकतं?' याचं उत्तर दोन नावांत देता आलं पाहिजे.

## ४. नेटवर्क

क्लाउड आहे म्हणजे नेटवर्कचं काही करायला नको असं समजतात. उलट आहे. ऑफिसचं फायरवॉल क्लाउडच्या संपर्कात बरोबर मध्ये बसलेलं असतं.

ॲपलच्या पुश सेवेला टीसीपी ५२२३ लागतं, ते नसेल तर ४४३ वर पडतं. अँड्रॉइडच्या पुशला ५२२८ ते ५२३०. ही पोर्ट उघडूनही कमांड जात नसतील तर एसएसएल इन्स्पेक्शन बघा. फायरवॉल ट्रॅफिक उघडून तपासतो आणि स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करतो, आणि ॲपलची पुश सेवा ते मान्य करत नाही, कनेक्शनच तोडते. तुमच्या टूलच्या आणि ॲपल-गुगल-मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटमध्ये जे पत्ते दिलेत ते इन्स्पेक्शनमधून वगळायचे. लॉगिन मागणारा प्रॉक्सी असेल तर तोही आडवा येतो, कारण विंडोजमधलं बरंचसं काम सिस्टिम खात्याने होतं आणि तिथे यूजरनेम-पासवर्ड टाकायला कोणी नसतं.

दुसरा पेच: ऑफिसच्या वायफायला सर्टिफिकेट लागतं, सर्टिफिकेट एनरोल झाल्यावर मिळतं, आणि एनरोल व्हायला इंटरनेट लागतं. मग एनरोलमेंटपुरतं वेगळं वायफाय ठेवा, फक्त इंटरनेट देणारं, आतल्या सर्व्हरपर्यंत न पोचणारं. त्यावर 'अटी मान्य करा' वालं वेब पेजही नको, सेटअप स्क्रीनवर ते नेहमी नीट उघडतंच असं नाही.

आणि हो, पन्नास लॅपटॉप एकाच सकाळी चालू करून सगळ्यांना ऑफिस डाउनलोड करायला लावू नका. एकेकाचे काही जीबी म्हणजे लाइन बसलीच.

तपासा: एक फोन मोबाइल डेटावर, तसाच दुसरा ऑफिसच्या वायफायवर. दोघांनाही कन्सोलमधून लॉकची कमांड द्या. डेटावरचा लगेच लॉक झाला आणि वायफायवरचा झाला नाही तर दोष टूलचा नाही, नेटवर्कवाल्या माणसाला बोलवा. मशीनचं घड्याळ चुकीचं असेल तरी सर्टिफिकेट नाकारलं जातं, तेही बघून घ्या.

## ५. जुनं आधी उतरवा

एका डिव्हाइसवर एका वेळी एकच मॅनेजमेंट. जुनं एमडीएम (डिव्हाइस मॅनेजमेंटचं टूल) काढल्याशिवाय नवं चढत नाही, आणि ते काढताना जुन्याने दिलेलं वायफाय, मेल आणि व्हीपीएन पण जातं हे लक्षात ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी घरी निघालेल्या माणसाच्या लॅपटॉपवरून जुनं एमडीएम काढू नका.

डोमेनवाल्या, म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरला जोडलेल्या विंडोजवर जुन्या ग्रुप पॉलिसी (त्या सर्व्हरवरून लागणारी सेटिंग) असतात. तीच सेटिंग दोन्हीकडे असेल तर आपोआप ग्रुप पॉलिसीच जिंकते आणि तुम्ही क्लाउडमध्ये कितीही बदल करा, मशीनवर काही होत नाही. म्हणून पायलटची (आधी थोड्यांवर करून बघायची चाचणी, टप्पा ७) मशीन वेगळ्या ओयूत (डोमेनमधल्या मशीनच्या गटात) टाका, जिथे भिडणाऱ्या ग्रुप पॉलिसी लागूच होत नाहीत.

## ६. पॉलिसी, पण थोड्याच

टूलमध्ये तयार 'बेसलाइन' मिळते, शंभर-दोनशे सेटिंगची. मोह होतो. ती पूर्ण लावली की प्रिंटर बंद पडतो, जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि दोनशेतल्या कुठल्या सेटिंगने ते झालं हे शोधायला आठवडा जातो. सुरुवातीला चारच: स्क्रीन लॉक, डिस्क एन्क्रिप्शन, ओएस अपडेट, लोकल ॲडमिनचा पासवर्ड. प्रत्येकाची वेगळी पॉलिसी, नावात प्लॅटफॉर्म आणि काम लिहिलेलं, जसं 'विंडोज-एन्क्रिप्शन-पायलट'. 'टेस्ट२ फायनल नवीन' असं नाव दिलं तर सहा महिन्यांनी डिलीट करायची हिंमत होत नाही.

एन्क्रिप्शन चालू करण्याआधी रिकव्हरी की क्लाउडमध्ये जमा होतेय की नाही हे बघायचं. नंतर नाही, आधी. जिथे बिटलॉकर किंवा फाइलव्हॉल्ट (विंडोजचं आणि मॅकचं स्वतःचं डिस्क एन्क्रिप्शन) कोणीतरी पूर्वीच हाताने चालू केलेलं आहे तिथे की कन्सोलमध्ये आपोआप आलीच असेल असं धरू नका, ती मशीन वेगळी काढून की रोटेट करून (जुनी रद्द करून नवी बनवून) जमा करून घ्या. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या बिघडलेल्या अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन पाडली, तेव्हा सेफ मोडमध्ये जाऊन फाइल काढायला बऱ्याच ठिकाणी बिटलॉकरची की लागली, आणि ज्यांच्या की जागच्या जागी नव्हत्या त्यांचं काम तिथेच अडलं. त्याच घटनेवरून दुसरीही गोष्ट घ्या: कुठलंही अपडेट सगळ्यांना एकदम नको, आधी थोड्यांना, दोन-चार दिवस बघून मग पुढच्यांना.

सावध: इन्ट्यूनमध्ये ज्या डिव्हाइसला कुठलीच कंप्लायन्स पॉलिसी (डिव्हाइस नियमात बसतं का ते तपासणारी) लागलेली नाही ते मुळात 'कंप्लायंट' धरलं जातं. म्हणजे डॅशबोर्ड हिरवागार दिसतो आणि आत काहीच तपासलेलं नसतं. ही सेटिंग बदलून 'नॉट कंप्लायंट' करायचीच आहे, पण टप्पा ९ च्या तयारीत, आत्ता नको.

तपासा: पायलटमधलं एक मशीन घ्या, मुद्दाम रिकव्हरी स्क्रीनवर न्या आणि कन्सोलमधली की टाकून उघडा. नुसती की दिसतेय म्हणून पुढे जाऊ नका.

## ७. पायलट

पायलटमध्ये फक्त आयटीची माणसं ठेवणं ही नेहमीची चूक. त्यांच्याकडे नवीन मशीन, ॲडमिनचे अधिकार आणि अडलं तर स्वतः सोडवायची सवय, त्यामुळे सगळं छान चालतं. अकाउंट्समधली एक व्यक्ती घ्या, सतत बाहेर फिरणारा एक सेल्सवाला घ्या, सगळ्यात जुना लॅपटॉप ज्याच्याकडे आहे तो घ्या, आणि एक वरिष्ठ पण घ्या, कारण त्यांना सूट द्यायची वेळ येणार असेल तर ती आत्ताच कळू दे. निदान एक महिनाअखेर मध्ये आली पाहिजे, महिन्यातून एकदाच चालणारी सॉफ्टवेअर तेव्हाच उघडतात.

ऑटोपायलट (नवीन विंडोज मशीन चालू केलं की आपोआप एनरोल करणारी मायक्रोसॉफ्टची सोय) वापरत असाल तर सेटअपच्या स्क्रीनची मुदत मुळात ६० मिनिटांची असते. 'हे ॲप लागल्याशिवाय पुढे जाऊ नको' या यादीत वीस ॲप टाकली आणि इंटरनेट हळू असलं की मुदत संपून लाल एरर येतो, आणि नवीन जॉइन झालेला माणूस पहिल्या दिवशी नुसता बसून. त्या यादीत दोन-तीनच ठेवा, सुरक्षेचं आणि व्हीपीएन वगैरे. बाकीची मागाहून येऊ द्या.

आणि धीर धरा. पॉलिसी लावली की त्याच क्षणी पोचते असं नाही. इन्ट्यूनमध्ये आधीच एनरोल असलेली डिव्हाइस साधारण दर ८ तासांनी स्वतःहून चेक-इन करतात, म्हणजे नवीन काही आलंय का विचारतात. पॉलिसी दिसेना म्हणून दहा मिनिटांत बदलली, अजून दिसेना म्हणून परत बदलली, मग संध्याकाळी कुठला बदल लागला तेच कोणाला सांगता येत नाही. सिंकचं बटण दाबा, चहा घ्या, मग बघा.

## ८. बाकीच्यांना बॅचमध्ये

एका वेळी एकच विभाग, आणि आठवड्याच्या सुरुवातीला. हेल्पडेस्कला जेवढं झेपेल तेवढीच माणसं. मेसेज लांबलचक नको, साधारण असा:

"मंगळवारी तुमच्या लॅपटॉपवर एक सेटअप चालेल. चार्जर लावून ठेवा. एकदा रीस्टार्ट होईल, त्याआधी फाइल सेव्ह करा. नवीन पिन मागेल, तो लक्षात राहील असा ठेवा. फोटो किंवा पर्सनल फाइल आम्हाला दिसत नाहीत. अडलं तर या नंबरवर फोन करा, स्वतः अनइन्स्टॉल करू नका."

शेवटची ओळ ठेवाच. मेल कंपनीच्या ओळखीच्या पत्त्यावरून जाऊ द्या, नाहीतर निम्मे लोक फिशिंग समजून डिलीट करतील, आणि त्यांचं तरी काय चुकलं.

## ९. अंमल सगळ्यात शेवटी

कंडिशनल ॲक्सेस, म्हणजे 'डिव्हाइस नियमात बसत नसेल तर मेल नाही', हे चालू करायची घाई वरून असते. आधी 'रिपोर्ट-ओन्ली'वर ठेवा, त्यात कोणाला अडवत नाही पण कोण अडला असता ते दिसतं. ती यादी रोज बघून खाली आणायची. काही जण नियमात न बसणारेच निघतील, काही जणांचं एनरोलमेंट अर्धवट असेल, आणि काही नोंदी तर माणसाच्या नसतात, मेल पाठवणारा प्रिंटर किंवा जुनी स्क्रिप्ट असते.

चालू करण्याआधी हे बघा:

- दोन इमर्जन्सी ॲडमिन खाती या नियमातून वगळलीत का? मायक्रोसॉफ्टचाही सल्ला दोन किंवा जास्त खात्यांचा आहे. नाहीतर एका चुकीच्या टिकने तुम्ही स्वतःच बाहेर, आणि आत यायला वाट नाही.
- नियमात न बसणाऱ्याला लगेच ब्लॉक न करता काही दिवसांची सवलत आणि आपोआप जाणारा मेल ठेवलाय का?
- लांब रजेवरून येणाऱ्यांचं काय? इन्ट्यूनमध्ये ३० दिवस चेक-इन झालं नाही की डिव्हाइस नियमाबाहेर जातं, ही मुळातली मुदत. बाळंतपणाच्या रजेवरून आलेल्या बाईंना पहिल्या सकाळी हे का झालं ते हेल्पडेस्कला सांगता आलं पाहिजे.

## १०. हरवलं, सोडून गेला, विकायचं आहे

दोन बटणं नीट ओळखा. 'रिटायर' कंपनीचा डेटा आणि पॉलिसी काढतं, माणसाचं त्याचं त्याला राहतं. 'वाइप' सगळं पुसतं. स्वतःच्या फोनवर रिटायर, कंपनीच्या हरवलेल्यावर वाइप. याची अदलाबदल झाली तर माफी मागून भागत नाही.

क्रमही महत्त्वाचा. कन्सोलमधली नोंद आधी डिलीट केली तर वाइपची कमांड पाठवायला काही उरतच नाही. आधी वाइप, ते पूर्ण झाल्याची खात्री, मग डिलीट. ॲपलच्या डिव्हाइसचं ॲक्टिव्हेशन लॉक (पुसल्यावरही जुनं ॲपल खातं मागणारं कुलूप) उघडायचा बायपास कोड कन्सोलमध्ये असतो, तो नोंद डिलीट करण्याआधी उतरवून घ्या. अँड्रॉइडवर परत देणाऱ्याला त्याचं गुगल खातं आधी काढायला सांगा, नाहीतर रिसेटनंतर फोन त्याचाच जुना पासवर्ड मागत बसतो.

विकायचं किंवा भंगारात द्यायचं असेल तर ऑटोपायलटच्या यादीतून किंवा ॲपल बिझनेस मॅनेजरमधूनही सोडावं लागतं. ते राहिलं की घेणाऱ्याने चालू केल्याबरोबर तुमच्या कंपनीचं लॉगिन समोर. दुरुस्तीचंही तसंच: मदरबोर्ड बदलला की विंडोजचा हार्डवेअर हॅश (मशीनची ओळख पटवणारा कोड) बदलतो, मशीन ऑटोपायलटला ओळखू येत नाही, जुनी नोंद काढून नवीन करावी लागते. सर्व्हिस सेंटरहून लॅपटॉप आला की मदरबोर्ड बदलला का हे जॉब शीटवर बघायची सवय हेल्पडेस्कला लावा, आणि बदलला असेल तर टप्पा १ च्या शीटमध्ये त्याच दिवशी नोंद करा.